गाडी कुरकुरू लागते तेव्हा

पहाटे दिल्लीच्या आझादपूर मंडीत जा, चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात जा, नाही तर नवी मुंबईत वाशीला जा. मोठमोठ्या ट्रकांच्या गर्दीत अंग चोरून उभ्या असलेल्या पिकअप गाड्या सगळीकडे दिसतील. पुढे दोन-तीन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा आणि हौद्यात टोमॅटोची क्रेट, कोथिंबिरीच्या जुड्या, कांद्याच्या गोण्या. मोठा ट्रक अनेकदा एखाद्या वाहतूकदाराच्या ताफ्यातला असतो. पिकअप मात्र बहुधा एका घराची असते. घरातलाच माणूस ती चालवतो, घरातल्याच कोणाच्या तरी नावावर कर्ज असते आणि तिच्या भाड्यातूनच हप्ता, मुलांची फी आणि किराणा भागतो. अशी गाडी आठ दिवस बंद पडली तर चूल लगेच विझत नाही, पण महिन्याचे सारे गणित कोलमडते.

अशा गाडीच्या इंजिनाकडे सर्वांचे लक्ष असते. काळा धूर आला, पाणी तापले की लगेच कळते. टायर झिजला तर तो डोळ्यांना दिसतो. परंतु इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत पोहोचवणारा जो भाग आहे, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, लांब शाफ्ट आणि मागचा डिफरन्शियल, तो गाडीच्या पोटाखाली दडलेला असतो. तिकडे कोणी वाकून पाहत नाही. खरे तर हा भाग क्वचितच अचानक मोडतो. मोडण्याआधी कित्येक आठवडे, कधी कधी कित्येक महिने तो कुरकुरत असतो. तरीही रस्त्याच्या कडेला दगड लावून उभ्या केलेल्या गाडीचा मालक म्हणतो, ‘‘काल रात्रीपर्यंत एकदम झकास चालत होती हो!’’

ती झकास चालत नव्हती. त्याला सवय झाली होती, एवढेच.

चालकाला ऐकू का येत नाही?

पुणे जिल्ह्यातल्या ओतूर परिसरातील एका जोडप्याचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. नवरा पिकअप चालवतो. गावातल्या पाच-सहा शेतकऱ्यांचा माल गोळा करून माळशेज घाटातून कल्याणला किंवा वाशीला नेतो आणि परतताना किराणा, खताची पोती असे जे मिळेल ते भाडे घेऊन येतो. बायको बारावी झालेली आहे. गाडीचा सगळा हिशेब तिच्याकडे असतो. शंभर पानी वहीत ती रोजचे डिझेल, टोल, हमाली, दुरुस्ती असे सगळे तारखेवार लिहिते.

एकदा बहिणीकडे कल्याणला जायचे म्हणून ती गाडीत बसली. गाडी माल भरून घाट उतरत होती. तिने पाहिले, नवऱ्याचा डावा हात सतत गिअरच्या दांड्यावर घट्ट दाबलेला आहे. वळणावरसुद्धा तो एकाच हाताने स्टिअरिंग फिरवत होता.

‘‘अहो, दांडा का धरून बसलाय?’’ तिने विचारले.

‘‘अगं, सोडला की तिसरा गिअर निसटतो. धरून ठेवला की राहतो. कधीपासूनच आहे ते.’’

‘‘कधीपासून म्हणजे?’’

त्यावर त्याला नीट सांगता आले नाही. दिवाळीच्या आधी असावे, असे तो म्हणाला. दुसरा गिअर टाकतानाही तो क्लच दोनदा दाबत होता, पण हे त्याच्या ध्यानातही नव्हते. बायकोने दाखवून दिले तेव्हा तो म्हणाला, ‘‘तसं केलं की करकर न वाजता पडतो. ही गाडी चालवायची एक खुबी आहे.’’

इथेच मेख आहे. ज्याला तो खुबी म्हणत होता, ती गाडीची तक्रार होती. गाडीतला बिघाड रोज तीळ तीळ वाढतो आणि चालकाचे हातपाय तितकेच स्वतःला बदलून घेतात. दांडा थोडा जोरात ढकलायचा, क्लच दोनदा मारायचा, रिव्हर्स टाकण्याआधी गाडी जरा पुढे सरकवायची, चढावर एक गिअर आधीच उतरवायचा. प्रत्येक सवय बिघाड झाकते. म्हणून रोज गाडी चालवणाऱ्यापेक्षा महिन्यातून एकदा तीत बसणाऱ्याला तो आधी जाणवतो.

गाडी ठीक आहे ना, हा प्रश्न विचारण्याऐवजी चालकाने स्वतःला विचारावे, ‘‘गेल्या सहा महिन्यांत माझ्या हातापायांना कोणती नवी सवय लागली आहे?’’ उत्तर मिळाले की गाडीची तक्रारही सापडते.

वहीतली नोंद आणि अंगणातला डाग

कल्याणहून परतल्यावर त्या बाईने वही चाळली. चार महिन्यांत ‘गिअर ऑइल अर्धा लिटर’ अशी नोंद तीन वेळा होती. तिने नवऱ्याला विचारले, ‘‘डिझेल जळतं, ते रोज लागतं. हे तेल पण जळतं का?’’

प्रश्न साधा होता, पण नेमका होता. गिअरबॉक्समधले तेल जळत नाही. ते आत फिरणाऱ्या दातेऱ्या चाकांना आणि बेअरिंगना वंगण घालते आणि तिथेच राहते. ठरावीक किलोमीटरनंतर ते बदलावे लागते, मध्येच वाढवावे लागत नाही. वाढवावे लागत असेल तर ते कुठून तरी गळत आहे. बहुतेक गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये दीड-दोन लिटरच्या आसपास तेल असते. त्यातले अर्धा लिटर कमी झाले तरी वरची चाके आणि बेअरिंग कोरडी पडू लागतात.

रोज सकाळी अंगण झाडताना कोब्यावरचा डाग तिला दिसतच होता. गाडी म्हटली की तेल सांडणारच, असे तिने धरले होते. खरे पाहता डाग कुठे पडतो आणि कसला आहे यावरून बरेच कळते. गाडी रात्रभर उभी राहण्याच्या जागी जुना पुठ्ठा पसरून ठेवावा. डाग पुढच्या बाजूला, काळा आणि पातळ असेल तर तो बहुधा इंजिन ऑइलचा. केबिनच्या मागच्या भागाखाली, दाट, तपकिरी आणि उग्र वासाचा असेल तर गिअरबॉक्सचा. मागच्या दोन चाकांच्या मधोमध असेल तर डिफरन्शियलचा. क्लचच्या पॅडलपाशी केबिनमध्येच ओल दिसली तर क्लचचे हायड्रॉलिक तेल झिरपत असते.

गळणारे ऑइल सील ही किरकोळ किमतीची रबरी चकती असते. ती वेळेवर बदलली नाही की तिच्यापायी आतला महागडा भाग झिजतो. वरून तेल ओतत राहणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरत राहणे. इथे तर माठच झिजत जातो.

करकर कसली असते?

गिअर टाकताना वाजणारी करकर सर्वांना माहीत असते. ती का वाजते हे समजून घेतले तर पुढचे निदान सोपे जाते.

गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवायचे असतात. गती सारखी नसेल तर दाते दातांवर आपटतात. जुन्या काळी चालकाला हे काम स्वतःच्या पायाने करावे लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून गती जुळवणे, पुन्हा क्लच दाबून गिअर, असा दुहेरी खटाटोप असे. १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकच्या मोटारींमध्ये सिंक्रोमेश ही युक्ती आली. यात एक रिंग, बहुधा पितळी, आधी घासून दोन्ही भागांची गती जुळवते आणि मगच दाते अडकतात. आजच्या पिकअपच्या पुढच्या गिअरमध्ये अशी रिंग असते. अनेक गाड्यांत रिव्हर्सला मात्र ती नसते.

रिंग झिजली की चालक नकळत जुन्या काळात जातो आणि क्लच दोनदा मारू लागतो. ओतूरच्या त्या नवऱ्याची ‘खुबी’ म्हणजे हेच होते.

पण प्रत्येक करकर रिंगचीच असते असे नाही. क्लच पूर्ण सुटत नसेल तरीही करकर होते. दोन्हींमधला फरक घरच्या घरी पाहता येतो. सपाट जागी हँडब्रेक ओढून, चाकापुढे व मागे दगड लावून आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून पाहावेत. बंद इंजिनावर सगळे गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनावर पहिला किंवा रिव्हर्स अडतो वा करकरतो, तर दोष क्लच न सुटण्यात आहे. त्यातही पॅडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडत असेल तर हायड्रॉलिक नळीत हवा शिरली असावी किंवा तेल कमी असावे. हे काम स्वस्तातले आहे. उभ्या गाडीत सगळे ठीक आणि धावताना मात्र एकाच ठरावीक गिअरला करकर होत असेल, तर संशय त्या गिअरच्या रिंगवर घ्यावा.

क्लच प्लेट घसरू लागली की लक्षण वेगळे असते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन रेस होते, आवाज वाढतो, पण गाडी त्या प्रमाणात पुढे जात नाही. जळका वास येतो. डिझेल जास्त लागू लागते. हिशेबाची वही ठेवणाऱ्याला हे कागदावरही दिसते. तोच रस्ता, तेवढाच माल आणि लिटरमागे किलोमीटर मात्र उतरत चाललेले. डिझेलची इतर कारणेही असू शकतात, पण जळका वास आणि रेस होणे सोबत असेल तर क्लच दाखवून घ्यावा.

कान कुठे द्यावा?

आवाज कसला आहे यापेक्षा तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो हे लक्षात ठेवणे महत्त्वाचे.

गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल आणि क्लचवरून पाय काढलेला. अशा वेळी खरखर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग झिजले असण्याचा संभव असतो. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग पाहावे. एकाच गिअरमध्ये घूं घूं असा आवाज येत असेल तर दोष त्या गिअरच्या चाकात असतो. अनेक पिकअपमध्ये चौथ्या गिअरला ताकद सरळ आरपार जाते. इतर सगळ्या गिअरना आवाज आणि चौथ्याला शांतता असेल तर खालच्या जोडशाफ्टकडे लक्ष द्यावे लागते.

गाडी निघताना किंवा पुढून मागे गिअर बदलताना पोटाखाली ‘टक्’ असा ठोका बसतो. तो बहुधा लांब शाफ्टच्या क्रॉसचा असतो, किंवा डिफरन्शियलमध्ये ढिलेपणा आल्याचा. क्रॉस ही छोटी वस्तू आहे, पण ती तुटली की धावत्या गाडीखाली शाफ्ट रस्त्यावर आपटतो. वेग धरल्यावर मागून गुंजन येते आणि ॲक्सिलरेटर सोडताच त्याचा सूर बदलतो, तेव्हा डिफरन्शियलची क्राऊन-पिनियन जोडी तपासावी.

या सर्वांत एका लक्षणाला एक दिवसही थारा देऊ नये. ते म्हणजे गिअर आपोआप निसटणे. सपाट रस्त्यावर तो केवळ त्रास असतो. भरलेली गाडी घाट उतरताना मात्र इंजिनच तिला मागे ओढून धरत असते. म्हणून तर ज्या गिअरवर चढ चढावा, त्याच गिअरवर तो उतरावा, असे जाणते चालक सांगतात. ऐन उतारावर गिअर निसटला की सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक नीट धरत नाहीत. हाताने दांडा दाबून धरणे हा त्यावर इलाज नव्हे. त्या दाबाने आतला फोर्क घासला जातो, बिघाड आणखी वाढतो आणि स्टिअरिंगवर एकच हात राहतो.

हंगाम की दुरुस्ती?

ओतूरच्या घरी यावरून दोन दिवस वाद झाला. टोमॅटोला भाव चांगला होता. रोजचे भाडे ठरलेले होते. नवऱ्याचे म्हणणे, हंगाम संपेपर्यंत तीन आठवडे ओढू, मग सगळेच काम करून घेऊ. गाडी गॅरेजमध्ये घातली तर शेतकरी दुसरी गाडी ठरवतील आणि एकदा तुटलेले गिऱ्हाईक परत येत नाही. त्याची भीती खोटी नव्हती.

बायकोने वही पुढे ठेवली. चार दिवस गाडी उभी राहिली तर किती भाडे बुडेल, हे तिने लिहून काढले. त्याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडला. गाडी माळशेजमध्ये बंद पडली तर ओढून आणायचा खर्च, पूर्ण गिअरबॉक्सचा खर्च, आठ-दहा दिवसांचे भाडे आणि हौद्यात सडणारा माल. तो माल तर त्यांचा नव्हताच. पाच घरांनी विश्वासाने दिलेला होता.

‘‘आणि तुम्हाला काही झालं तर?’’ एवढे बोलून ती थांबली. त्या रकान्यात तिने आकडा लिहिला नव्हता.

नवऱ्याने सकाळी स्वतःच शेतकऱ्यांना फोन केले, खरे कारण सांगितले आणि चार दिवसांसाठी ओळखीच्या दुसऱ्या गाडीवाल्याला भाडे लावून दिले. त्या गाडीवाल्यानेही पुढे त्याची गिऱ्हाइके तोडली नाहीत.

गॅरेजमध्ये वयस्क मिस्त्रींनी आधी गाडी चालवून पाहिली, मग तेल एका स्वच्छ पत्र्याच्या डब्यात काढले. तेलात सोनेरी चमक होती. मिस्त्री म्हणाले, ‘‘ही पितळाची भुकटी. रिंग घासून गेल्यात.’’ तेल सोडण्याच्या बोल्टवर चुंबक असते. त्यावर करड्या रंगाचा पातळ लेप बसणे स्वाभाविक आहे. तिथे लोखंडाचा कपचा सापडला तर मात्र दात तुटला असे समजावे. सुदैवाने इथे कपचे नव्हते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या रिंगा, एक बेअरिंग, तिसऱ्याचा सरकणारा भाग आणि गळणारे सील बदलावे लागले. मुख्य शाफ्ट आणि बाकीची चाके वाचली. आणखी तीन आठवडे गाडी ओढली असती तर तीही वाचली नसती, असे मिस्त्रींचे मत पडले.

मिस्त्रीकडे जाताना

बरेच लोक गॅरेजमध्ये गेल्यावर ‘क्लच प्लेट टाका’ किंवा ‘गिअरबॉक्स खोला’ असे फर्मान सोडतात. असे करू नये. निदान मिस्त्रीला करू द्यावे. आपण लक्षणे सांगावीत: कोणत्या गिअरला, चढावर की उतारावर, गाडी थंड असताना की तापल्यावर, रिकामी असताना की भरलेली असताना. शक्य तर मिस्त्रीला शेजारी बसवून तो आवाज ऐकवावा. काढलेले जुने भाग परत मागावेत आणि खर्चाचा अंदाज आधी घ्यावा. पूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगणाऱ्याला, कोणता भाग वाचू शकत नाही आणि का, असे शांतपणे विचारावे. तरीही शंका राहिली तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवण्यात कमीपणा नाही.

तेलाच्या बाबतीत गाडीसोबत मिळणारे पुस्तक प्रमाण मानावे. दुकानात गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-४, जीएल-५ असे लिहिलेले असते. मोठा आकडा म्हणजे अधिक चांगले तेल, असा समज असतो. पण जीएल-५ प्रकारातल्या काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये पितळी रिंगांना बाधतात. पुरात किंवा ओढ्याच्या पाण्यात गाडी खोल बुडाली असेल तर तेल लगेच तपासावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे.

आणि ओझ्याचे काय? पिकअप कागदोपत्री साधारण एक ते दीड टन माल नेण्यासाठी असते. तिच्यात दुप्पट भरले की चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरावी लागते आणि क्लच प्लेट जळू लागते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पकडले नाही तरी गाडी आपला दंड वसूल करतेच, फक्त त्याची पावती उशिरा येते.

घरात गाडी असेल तर दोन गोष्टी प्रत्येकाला करता येतील. महिन्यातून एकदा गाडी न चालवणाऱ्या माणसाने तीत बसावे, रेडिओ बंद ठेवावा आणि जे वेगळे वाटेल ते बेधडक विचारावे. चालवणाऱ्याने त्यावर ‘तुला गाडीतलं काय कळतं’ असे म्हणू नये. मग हिशेबाच्या वहीत पैशांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा आणि त्यात गाडीची नवी कुरकुर तारखेसह लिहावी. ‘कधीपासून?’ या मिस्त्रीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मग त्या वहीतच मिळेल.